कॉलेजच्या ग्रंथालयानं स्वतःचा पैसा उभा करायचा, तर कुठून?

देवघेव_खिडकी
१२ ऑगस्ट, रात्री ९:५०

आज ग्रंथपाल दिन. सकाळी भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घातला, मुलांना त्यांचे १९३१ सालचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत वाचून दाखवले. दुपारी महाविद्यालय विकास समितीची बैठक होती. तिथं एका सदस्यांनी विचारलं, "मॅडम, ग्रंथालयावर एवढा खर्च होतो, त्याचं उत्पन्न किती?" प्रश्नात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी आकडे सांगितले: उशिराचा दंड, हरवलेल्या पुस्तकांची भरपाई, रद्दी. सगळी बेरीज दोन-तीन जाडजूड संदर्भग्रंथांच्या किमतीएवढी. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित कॉलेजात बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. पूर्वी यूजीसीच्या पंचवार्षिक योजनेतून पुस्तकांना पैसे यायचे. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि तो ओघ थांबला. एन-लिस्ट ही कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणारी योजना आहे म्हणून ई-नियतकालिकांचं निभावतं. आमच्यासारख्या कॉलेजला वर्षाला ५,९०० रुपयांत एवढं भांडार मिळतं, हे फार मोठं आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन-नियतकालिकांची केंद्राची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची तरतूद आहे, पण ती केंद्र आणि राज्य शासनाच्या संस्थांसाठी. खासगी शिक्षणसंस्थेचं अनुदानित कॉलेज त्यात बसत नाही. मराठी पुस्तकं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, वर्तमानपत्रं, बाइंडिंग, वाळवीची फवारणी हे सगळं ग्रंथालय शुल्कातून भागवायचं. आणि शुल्क वाढवायचं म्हणजे पुन्हा पोरांच्याच खिशात हात घालायचा.

उत्पन्नाला माझा विरोध नाही. एकदा करूनही पाहिलंय. दहा-अकरा वर्षांपूर्वी संदर्भ विभागाच्या कोपऱ्यात झेरॉक्स मशीन बसवलं. दोन विद्यार्थी आलटून पालटून चालवायचे, पानाला बाहेरच्यापेक्षा कमी दर. वर्षभरात चांगली शिल्लक पडली. मार्चअखेरीला ती 'इतर जमा'मध्ये वर्ग झाली. जूनमध्ये मशीनचा ड्रम गेला. दुरुस्तीचा अर्ज दिला, तो शेरा घेऊन परत आला: 'ग्रंथालयाच्या हेडला तरतूद नाही.' ते मशीन अजून प्लास्टिकच्या कव्हराखाली उभं आहे. रोज येता-जाता मला ते दिसतं.

त्यामुळे माझं म्हणणं असं आहे. उत्पन्न कसं मिळवायचं याच्या आधी ते कुणाच्या खात्यात पडणार हे ठरलं पाहिजे. दुसरं, आपल्या मुलांच्या देवघेवीच्या खिडकीवर एक रुपयाही वाढता कामा नये. ही दोन पथ्यं पाळून काय करता येईल? कुणी काही केलं असेल, फसलं असेल, तर तेही लिहा.

गंगावेस_कट्टा
१२ ऑगस्ट, रात्री १०:२२

मॅडम, झेरॉक्स मशीनची गोष्ट वाचून वाईट वाटलं. आमच्या इथं रद्दीचे पैसेसुद्धा ऑफिसात जमा होतात. पैसे कुणाच्या खात्यात पडणार, हा तुमचा पहिला मुद्दा महत्त्वाचा, बाकीचं नंतर.

रात्रअभ्यास
१३ ऑगस्ट, पहाटे १२:४०

मॅडम, मी राधानगरी तालुक्यातला. कोल्हापुरातच पदवी केली, आता एमपीएससीची तयारी करतोय. शाहूपुरीत तिघांत एक रूम आहे, तिथं अभ्यास होत नाही म्हणून खासगी अभ्यासिकेत जागा घेतलीय. माझ्यासारखी लई पोरं आहेत. भुदरगड, चंदगड, गगनबावडा, सगळीकडनं आलेली.

तुम्हाला खरं सांगू का, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचा हॉल अभ्यासिकेपेक्षा दसपट चांगला आहे. उंच छत, मोठ्या खिडक्या, शिसवी टेबलं. पण साडेपाचला कुलूप. संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेनऊ हा आमचा खरा अभ्यासाचा वेळ आणि तेव्हा तो हॉल अंधारात. माजी विद्यार्थ्यांना पैसे घेऊन बसू दिलं तर मी उद्या नाव नोंदवतो.

पैसे देताना आम्ही काय बघतो तेही सांगतो. एसी नसला तरी चालतो. पंखा डोक्यावर पाहिजे, कोपऱ्यात फिरणारा नको. प्रत्येक टेबलाला चार्जिंग. प्यायला पाणी. स्वतःची पुस्तकं ठेवायला लहान लॉकर, कारण रोज सहा पुस्तकं पाठीवर घेऊन केएमटीच्या बसमध्ये चढता येत नाही. रविवारी चालू पाहिजे. आणि मुलींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. माझ्या बहिणीनं दोन अभ्यासिका फक्त त्याच कारणानं सोडल्या.

रंकाळाकाठ
१३ ऑगस्ट, सकाळी ८:१५

मी निवृत्त प्राध्यापक आहे. माझं मत कदाचित इथं आवडणार नाही, तरी मांडतो.

हे गाव कोणाचं आहे ते आठवा. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि मग एकेका समाजाची वसतिगृहं या गावात उभी राहत गेली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा या संस्थानानं १९४५ मध्ये केला, महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. म्हणजे ग्रंथालय ही लोकांची गरज आहे आणि तिचा खर्च राज्यानं उचलायचा असतो, हे या गावाला इतरांच्या आधी कळलं होतं. आता त्याच गावात ग्रंथपालाला 'तुमचं उत्पन्न किती' असं विचारलं जातं.

प्रयोगशाळेला कुणी विचारतं का, तुमचं उत्पन्न किती? मैदानाला विचारतं का? ग्रंथालय हा खर्चाचाच विभाग आहे. तो तसाच राहू द्या आणि सगळी ताकद अनुदान मागण्यावर लावा. एकदा का तुम्ही कमावून दाखवलंत की पुढच्या अंदाजपत्रकात तेवढे पैसे कापले जातील. हे मी माझ्या नोकरीत दोनदा पाहिलंय.

देवघेव_खिडकी
१३ ऑगस्ट, दुपारी १:३०

सर, तुमचं मत आवडलं नाही असं अजिबात नाही. शेवटचा मुद्दा तर मी कागदावर लिहून ठेवलाय, तो ठरावात कसा आणायचा ते बघते.

पण शाहू महाराजांच्या जोडीला याच जिल्ह्यातलं आणखी एक नाव घेते. कर्मवीर भाऊराव पाटील हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हटलं. 'कमवा आणि शिका'मध्ये राबणाऱ्या पोराची मान कधी खाली गेली नाही. अनुदान मागणं आणि स्वतः कमावणं यांतलं एकच निवडायचं असं मला वाटत नाही. अनुदान तर मागायचंच.

रात्रअभ्यास, तुमची यादी समितीपुढे जशीच्या तशी ठेवणार आहे. आता त्याचा हिशोब मांडून बघते, कुणीतरी तपासा.

धरा, ४० खुर्च्या. माजी विद्यार्थ्यांना महिना ४०० रुपये. म्हणजे १६,००० जमा. संध्याकाळी चार तास हॉल उघडा ठेवायला 'कमवा आणि शिका'चे दोन विद्यार्थी, तासाला ५० रुपये, महिन्याचे २६ दिवस. दोघांचे मिळून १०,४००. उरले ५,६००. त्यातून वीज साधारण दोन हजार. हाती साडेतीन हजार, वर्षाचे चाळीस हजार. आपली चालू वर्षातली मुलं त्याच हॉलमध्ये फुकट बसणार, त्यांच्यासाठी वेगळ्या रांगा.

कीर्द_खतावणी
१३ ऑगस्ट, रात्री ८:०५

मी शिक्षणसंस्थांचे हिशोब बघतो. मॅडम, तुमचा हिशोब मांडणीत बरोबर आहे, पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली जीएसटी. शिक्षणसंस्थेनं स्वतःच्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना दिलेल्या सेवेला कर नाही. माजी विद्यार्थी म्हणजे 'विद्यार्थी' नव्हे, इथं बहुतेकांची गफलत होते. सार्वजनिक ग्रंथालयाच्या पुस्तक देवघेवीला सूट आहे, पण तुमचं ग्रंथालय सार्वजनिक नाही आणि तुम्ही पुस्तक नाही, जागा देताय. 'आमची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे' असंही म्हणता येत नाही, कारण उलाढाल ग्रंथालयाची मोजत नाहीत, संस्थेच्या पॅनची मोजतात, आणि त्यात करमुक्त फीसुद्धा धरतात. फक्त करमुक्त सेवा देणाऱ्या संस्थेला नोंदणी लागत नाही; एक जरी करपात्र सेवा सुरू केली की सगळी उलाढाल बघितली जाते. बऱ्याच संस्थांची सभागृहाच्या भाड्यामुळं नोंदणी आधीच झालेली असते. तेव्हा संस्थेच्या सीएला विचारल्याशिवाय पहिली पावती फाडू नका.

१८ टक्के धरला तर ४०० मधले ६१ रुपये कराचे. हाती ३३९. चाळीस जणांचे १३,५६०. त्यातून मुलांचे १०,४०० आणि विजेचे दोन हजार वजा केले की उरतात ११०० च्या आसपास. तेही चाळीसच्या चाळीस खुर्च्या बारा महिने भरल्या तर. परीक्षा झाली की पंधरा दिवस निम्मा हॉल रिकामा असतो.

दुसरी गोष्ट आयकराची. शैक्षणिक हेतूशी जोडलेलं असं काही उत्पन्न घेतलं तर त्याचे हिशोब वेगळे ठेवावे लागतात. हे ओझं वाटेल, पण मॅडम, तुमच्यासाठी हीच चावी आहे. 'कायद्यानं वेगळी कीर्द लागते' असं म्हणून तुम्ही ग्रंथालयासाठी वेगळं लेखाशीर्ष मागू शकता. 'इतर जमा'मध्ये ढकललं तर ऑडिटरच विचारेल.

देवघेव_खिडकी
१३ ऑगस्ट, रात्री ९:१०

तुमचा हिशोब दोनदा वाचला. आधी जरा खट्टू झाले. मग लक्षात आलं की त्या १३,५६० मधले १०,४०० रुपये आमच्याच दोन मुलांच्या हातात जाताहेत. ग्रंथालयाला ११०० मिळोत की शून्य. चार तास दिवे लागतात, चाळीस जण शिकतात, दोघांची मेस भागते. हॉल उघडायचा. पण 'यातून पुस्तकखरेदी होईल' असं समितीला सांगायचं नाही, ते खोटं ठरेल.

मग पुस्तकांसाठी पैसा कुठून, हा प्रश्न तसाच राहतो.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
१४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

दंड वाढवा. दिवसाला एक रुपया कुणालाच जाणवत नाही. पाच रुपये करा, मुलं वेळेवर आणतील आणि पैसेही जमतील.

देवघेव_खिडकी
१४ ऑगस्ट, दुपारी १:१५

यावर मी ठाम आहे, दंडाला उत्पन्न म्हणायचं नाही. दंडातून जास्त पैसे यावेत असं वाटायला लागलं की पुस्तकं उशिरा यावीत असं वाटायला लागतं. आमच्याकडं एक मुलगी पन्नास रुपये दंड झाला म्हणून सेमिस्टरभर आलीच नाही, पुस्तक तिच्या घरी आणि ती घरी. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं १ ऑक्टोबर २०१९ पासून उशिराचा दंड बंद केला, तर वर्षानुवर्षं अडकलेली पुस्तकं लोक परत घेऊन आले. पुस्तक परत येणं हीच त्यातली कमाई.

उद्यमनगरचा
१४ ऑगस्ट, रात्री ११:००

मी वाचक नाही, कारखानदार आहे. छोटी फाउंड्री. धागा बायकोनं दाखवला.

मला ग्रंथालयाकडून काय विकत घ्यायला आवडेल ते सांगतो. आम्ही ग्रे आयर्नचं कास्टिंग करतो, त्याचं भारतीय मानक आयएस २१० आम्हाला पाठ आहे. भारतीय मानकं आता भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) पोर्टलवर फुकट उतरवून घेता येतात. पण बाहेरचं गिऱ्हाईक येतं आणि युरोपच्या ईएन १५६१ किंवा अमेरिकेच्या एएसटीएम ए४८ या मानकाचा ग्रेड मागतं. त्यातला कुठला आपल्या कुठल्या ग्रेडच्या जवळ, चाचणीचा नमुना कसा कापायचा, यात आमचे आठवडे जातात. मागं एकदा एका पार्टचं पेटंट कुणाकडं आहे का ते बघायचं होतं. पेटंट कार्यालयाचा शोध फुकट आहे हे मला माहीत होतं, पण नेमका कुठला शब्द टाकून शोधायचं ते माहीत नव्हतं. शेवटी मुंबईच्या माणसाला पैसे दिले.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. या सगळ्या पट्ट्यात माझ्यासारखे किती असतील. एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयात कुणी बसून चार दिवसांत नीट अहवाल काढून देत असेल तर मी आनंदानं बिल भरेन.

इचलकरंजी_संदर्भ
१५ ऑगस्ट, सकाळी ११:४५

मी अभियांत्रिकी कॉलेजात ग्रंथपाल आहे. वरचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं, कारण हेच आम्ही लहान प्रमाणात करतो. चुका केल्यात, त्यामुळे सावधगिरीचे दोन शब्द.

आपण जे डेटाबेस घेतो ते आपल्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी असतात, परवान्यात तसं लिहिलेलं असतं. त्यातला लेख उतरवून कारखान्याला विकला तर तो करारभंग आहे. त्यामुळं आम्ही लेख देत नाही. आम्ही आमचा वेळ आणि कसब देतो: शोध कसा घेतला, कुठली पेटंटं सापडली, कुठल्या लेखात काय आहे याचा दोन पानी गोषवारा, आणि मूळ लेख कुठून विकत मिळेल त्याचा पत्ता. पेटंटं सगळ्यांसाठी खुली असतात, तिथं अडचण नाही. मानकांचं तसंच, विदेशी मानक कारखान्यानं स्वतः विकत घ्यायचं, आम्ही सोबत बसून वाचतो. ज्या विषयात आपल्याला गती नाही तिथं आपल्याच मेकॅनिकलच्या सरांना जोडीला घेतो आणि त्यांचा वाटा आधी लिहून ठेवतो.

झेरॉक्सबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं शिकवण्यासाठी लागणाऱ्या उताऱ्यांच्या प्रतींना मुभा दिली. त्याचा अर्थ अख्खं क्रमिक पुस्तक झेरॉक्स करून विकायचं असा होत नाही. त्या रस्त्यानं जाऊ नका.

वाङ्मयचौर्य तपासणीचे पैसे आम्ही आमच्या संशोधकांकडून घेत नाही. २०१८ च्या यूजीसी नियमात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्याच्या वर गेलं की पोरं रडकुंडीला येतात. त्यांच्या भीतीवर दर लावायला नको वाटतं. पण संदर्भ कसे द्यायचे, संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर कसं वापरायचं, याची एक दिवसाची कार्यशाळा बाहेरच्यांसाठी शुल्क घेऊन करतो. ती भरते.

मोडी_वाचक
१५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

कोल्हापूरच्या ग्रंथालयांनी एक गोष्ट करावी असं मला मनापासून वाटतं. मोडी.

संस्थानी गाव असल्यामुळं इथं घराघरात मोडी कागद आहेत. फेरफार, वाटणीपत्रं, देवस्थानच्या इनामाची कागदं, जन्म-मृत्यूच्या नोंदी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली गेली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं की मोडी वाचणारी माणसं किती कमी उरलीत. माझ्याकडं अजून आठवड्याला दोन-तीन जण पिशवीतनं कागद घेऊन येतात. कागदाची घडी मोडलेली असते, कुणी सेलोटेप लावलेली असते. सेलोटेप बघितली की जीव तुटतो, दहा वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते.

कॉलेजच्या ग्रंथालयानं रविवारी मोडीचा वर्ग चालवावा. तीन महिने, दोन तास. मी शिकवायला येईन, आणखीही वाचक आहेत. वर्गातून तयार झालेल्या मुलांनी मग शुल्क घेऊन लिप्यंतर करावं, वर आमच्यासारख्यानं तपासून सही करावी. लोकांना कागद घरी घेऊन जायचा असतो, त्यांना कागदाचं चांगलं स्कॅन आणि आम्लमुक्त कागदाची पाकिटं द्यावीत. त्याचेही पैसे लोक देतात, कारण तो आजोबाचा कागद असतो. फक्त एक सांगतो, हे लिप्यंतर न्यायालयात किंवा सरकारी कचेरीत चालेल असं आश्वासन द्यायचं नाही. वाचून देतो, एवढंच.

डब्लिनवासी_करवीरकर
१६ ऑगस्ट, पहाटे ३:१०

इथल्या ट्रिनिटी कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयात केल्सची पोथी (बुक ऑफ केल्स, जुनं सचित्र हस्तलिखित) बघायला जगभरातनं माणसं तिकीट काढून येतात. दारातच दुकान, पोथीतल्या चित्रांची कार्डं, स्कार्फ, सगळं. पण कॉलेजच्या विद्यार्थ्याला आत जायला तिकीट नाही. मोडीचा प्रतिसाद वाचला आणि वाटलं, आपल्या कॉलेजांकडं पोथी नसेल, पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे वार्षिकांक, कुस्तीच्या आखाड्याचे आणि गॅदरिंगचे फोटो आहेत. माझ्या वडिलांचा तालमीतला फोटो कुणी मोठा करून दिला तर मी किंमत विचारणार नाही.

कीर्द_खतावणी
१६ ऑगस्ट, सकाळी ९:३०

फोटोचे हक्क तपासा. लेखक हयात असेपर्यंत आणि पुढं ६० वर्षं, असा साहित्याचा नियम आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही तोच, छायाचित्रकार हयात असेपर्यंत आणि पुढं ६० वर्षं. ती मुदत संपली असेल तर मोकळं.

गडहिंग्लजकर
१६ ऑगस्ट, दुपारी ४:००

मॅडम, तुमचा प्रश्न पुस्तकांच्या पैशाचा आहे ना? सेवा विकून हंगामी पैसा येईल. पुस्तकं दरवर्षी लागतात. त्याला ठेवच पाहिजे.

आमच्या गावच्या वाचनालयात असं केलंय. एका घरानं वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावजेवण न घालता एक लाखाची ठेव ठेवली. मुद्दल मोडायचं नाही. सात टक्के धरले तर वर्षाला सात हजार, त्यातून दरवर्षी शेतीवरची पुस्तकं, प्रत्येकावर वडिलांच्या नावाचा शिक्का. तिसऱ्या वर्षी त्यांचा नातू येऊन स्वतः पुस्तकं निवडायला बसला. नंतर आणखी चार घरं आली. एकीनं आईच्या नावानं पाककृतींचं आणि आरोग्याचं कपाट घेतलं.

संस्थेकडं आयकराची ८०जी मान्यता असेल तर जुन्या करपद्धतीतल्या देणाऱ्याला करसवलत मिळते, फक्त दोन हजारांच्या वर रोख घेऊ नका, चेक किंवा ऑनलाइन. आणि दात्याला दर एप्रिलमध्ये, त्याच्या पैशातून कुठली पुस्तकं आली त्याची यादी पोस्टानं पाठवा. व्हॉट्सॲपवर नाही, पोस्टानं. माणसं ती यादी फ्रेमच्या मागं जपून ठेवतात.

उद्यमनगरचा
१६ ऑगस्ट, रात्री १०:४५

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी करायच्या खर्चाचं, कुणी बोललं नाही म्हणून. कंपनी कायद्याचं १३५ कलम निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी असलेल्या कंपनीला लागतं. आमच्यासारख्या वर्कशॉपला नाही. आणि सहकारी साखर कारखाना, दूध संघ ह्या सहकारी संस्था आहेत, कंपन्या नाहीत, तेव्हा त्यांच्या दारात 'सीएसआर द्या' म्हणून जाऊ नका, देणगीचा वेगळा अर्ज करा. मोठ्या कंपनीकडं जायचं तर शिक्षण हा विषय यादीत आहे, पण संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आधी पाहिजे. आमच्या असोसिएशनमध्ये मी विषय काढतो. पैसे मागायला नाही, पेटंट शोधाचं गिऱ्हाईक मिळवून द्यायला.

रंकाळाकाठ
१७ ऑगस्ट, सकाळी ७:५०

चार दिवस वाचतोय. ठेवीचा प्रतिसाद वाचून माझ्या मनात बदल झाला हे कबूल करतो. ते दान आहे, पण त्यात दात्याला ग्रंथालयात यावंसं वाटतं. मोडीचा वर्ग तर ग्रंथालयाचंच काम आहे, त्याला पैसे मिळाले तर मिळाले.

पण माझी भीती गेलेली नाही. मॅडम, ठरावात एक वाक्य पाहिजेच: हे उत्पन्न मंजूर तरतुदीशिवाय वेगळं आहे आणि त्यापोटी तरतूद कमी केली जाणार नाही. ते वाक्य नसेल तर सुरुवातच करू नका. आणि दरवर्षी मागील तीन वर्षांच्या ग्रंथखरेदीचा आकडा समितीपुढे शेजारी शेजारी ठेवायचा, म्हणजे कपात झाली तर सगळ्यांना दिसेल.

माझ्या पत्नीच्या नावानं एक ठेव ठेवायची आहे. ती मराठी शिकवायची. तुम्ही ठराव करून घ्या, मग मला कळवा.

देवघेव_खिडकी
९ सप्टेंबर, रात्री ९:३०

सर, ठराव झाला.

गणपतीच्या सुट्टीनंतर लगेच बैठक लागली. ज्या सदस्यांनी उत्पन्नाचा प्रश्न विचारला होता त्यांनीच अनुमोदन दिलं. मजकूर असा:

'ग्रंथालयाच्या सेवांमधून मिळणारी रक्कम "ग्रंथालय विकास निधी" या स्वतंत्र लेखाशीर्षाखाली जमा होईल. वर्षअखेरची शिल्लक त्याच लेखाशीर्षात पुढील वर्षी ओढली जाईल. हा निधी मंजूर वार्षिक तरतुदीशिवाय वेगळा असेल व त्यापोटी तरतूद कमी केली जाणार नाही. खर्च ग्रंथालय समितीच्या मंजुरीने होईल. महाविद्यालयाच्या चालू विद्यार्थ्यांकडून या सेवांसाठी शुल्क घेतले जाणार नाही.'

'ओढली जाईल' या दोन शब्दांवर वीस मिनिटं चर्चा झाली. अकाउंटंट तयार नव्हते. मी त्यांना खाली नेऊन कव्हराखालचं मशीन दाखवलं. ते वर आले आणि म्हणाले, राहू दे ते शब्द.

संस्थेची जीएसटी नोंदणी आधीच होती, सभागृहामुळे. तेव्हा हॉलचं शुल्क करासह ४०० ठेवलंय. १ ऑक्टोबरपासून ४० खुर्च्या, संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ, रविवारी सकाळी नऊ ते पाच. 'कमवा आणि शिका'मधून दोन मुलं आणि एक मुलगी घेतलीय, पाळ्या त्यांनीच आपसात लावल्या. मोडीचा वर्ग दिवाळीनंतर. पेटंट शोधाचं काम आम्हाला एकट्यानं झेपणार नाही, विज्ञान शाखेचेच आहोत. इचलकरंजीच्या मॅडमशी फोनवर बोलले, त्यांच्याकडचं रसायनाच्या बाजूचं काम आमच्याकडं आणि यंत्राच्या बाजूचं त्यांच्याकडं असं ठरतंय. जुन्या वार्षिकांकांचं स्कॅनिंग आत्ता हातात घेत नाही, मनुष्यबळ नाही.

रंकाळाकाठ सर, ठेवीच्या अर्जाचा नमुना तयार आहे. बाईंच्या नावाचं कपाट मराठीच्या विभागात खिडकीजवळ ठेवावं असं मला वाटतं, तिथं दुपारी उजेड चांगला येतो. तुम्ही एकदा येऊन बघा.

रात्रअभ्यास
९ सप्टेंबर, रात्री ११:५५

मॅडम, नाव नोंदवायला काय काय आणायचं? आणि बहिणीला पण यायचं आहे, ती दुसऱ्या कॉलेजची माजी विद्यार्थिनी आहे. चालेल का?

देवघेव_खिडकी
१० सप्टेंबर, सकाळी १०:०५

जुनं ओळखपत्र किंवा गुणपत्रकाची झेरॉक्स आणि एक फोटो. सोमवारी अकरानंतर या. बहिणीसाठी पहिल्या महिन्यात नियम आपल्या माजी विद्यार्थ्यांपुरताच आहे, पण खुर्च्या उरल्या तर नोव्हेंबरपासून बाहेरच्यांना घेणार आहोत, तिचं नाव यादीत लिहून ठेवते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दोन्ही कड्या काल बदलून घेतल्या, बाहेरच्या बोळात दिवाही लावलाय. तिला सांगा.